नंदूचा न जुळलेला हॅश

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अच्छाडच्या एका ढाब्यावर कॅमेऱ्याचं चित्रण उतरवून घेत होतो. काम पुरं केलं, पाकिटाला सील लावलं आणि मगच बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. अर्धवट उठलो असतो तर त्यालाच आवडलं नसतं...

पोलिसांनी बोलावलं की मोबाईल, पेन ड्राइव्ह तपासून द्यायचे, हे आम्हा दोघांचं दहाणूतलं काम. प्रत्येक पुराव्याचा आधी हॅश काढायचा, म्हणजे आत जे आहे त्यावरून संगणकानं दिलेली चौसष्ट अक्षरांची खूण. आत तसूभर बदललं तरी ती सगळी बदलते. नंदू याबाबतीत इतका कडक, की मी त्याला सोवळ्यातला म्हणायचो.

असा माणूस वेवजीच्या एका आईपुढे विरघळला. तिच्या मुलाला हायवेवर ट्रकनं उडवलं होतं. अपघाताचं कॅमेऱ्यातलं चित्रण असलेल्या पेन ड्राइव्हचा हॅश पंचनाम्यात लिहून झाला होता, पाकीट बंद व्हायचं होतं, तेवढ्यात ती आली. "चालताना तरी दाखव रे बाबा, एकदाच." नंदूनं मूळ पेन ड्राइव्ह तसाच लॅपटॉपला लावला. मुलगा रस्ता ओलांडायला निघतो तिथं चित्र थांबवलं. पण लॅपटॉपनं त्या ड्राइव्हवर आपली बारीकशी नोंद केलीच. कोर्टात हॅश जुळेना. नंदूनं स्वतःहून सगळं सांगितलं. चित्रण बाद झालं, ट्रकवाला सुटला.

"कॉपी दाखवायची होतीस," मी कोर्टाबाहेर त्याच्यावर खेकसलो.

"कॉपी अजून व्हायची होती. आई समोर उभी होती."

त्या बाईचा न्याय यानं घालवला, हे माझ्या डोक्यातून जाईना. तो जाईपर्यंत दोन वर्षं बोललो नाही. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत त्यानं लांबून हात केला, तेव्हा मी नारळवाल्याशी घासाघीस करत राहिलो. नारळ मला घ्यायचाही नव्हता.

बाराव्याला ती आई आली होती. म्हणाली, "'ट्रकवाला माझ्यामुळं सुटला' असं सांगायला नंदू घरी आला होता. मी काय रागावणार त्याच्यावर? मग दोन्ही दिवाळ्यांना येऊन गेला." तिनं माफ केलं होतं. मी नव्हतं केलं.

हॅश जुळवायला संगणक पुरतो, पण आमच्याकडे एकजण चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा कागदावर बोट ठेवून "हं" म्हणायचा. भांडणानंतर मी एकटाच भरभर वाचून उरकायचो. परवा एका मोबाईलचा हॅश वाचताना मात्र दर चार अक्षरांनी थांबलो... सोळा वेळा. चौसष्टच्या चौसष्ट जुळली, आणि समोरच्या खुर्चीतून कुणी "हं" म्हणालं नाही.