कुरुंदवाडच्या गाडीतला संशयित

ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे विसरत चाललो. हे विसरत नाही, कारण यात कसूर माझी होती.

सत्तरच्या दशकाची अखेर. कोल्हापुरात एसटी स्टँडजवळच्या ठाण्यात मी फौजदार होतो. महिनाभरात कुरुंदवाडच्या गाडीत तीन बायकांच्या गळ्यातले दागिने गेले होते. वरून रोज विचारणा व्हायची आणि मी रोज 'तपास चालू आहे' एवढंच सांगायचो.

एका मंगळवारी सकाळी स्टँडवरचा हमाल खबर घेऊन आला. "सायेब, त्या गाडीनं दर मंगळवारी एक पावणा येतोय. तिशीचा आसंल. कायम एकाच शिटावर बसतोय. तितं दुसरं कोण बसलं तर शेजारीच हुबा ऱ्हातोय, हलत न्हाय. उतरला की भिंतीकडनं स्टँडाला तीन येढं घालतोय, मगच भाईर जातोय. आन् नजर तर देतच न्हाय की!"

नजर देत नाही म्हटल्यावर मी कान टवकारले. डोळ्याला डोळा देत नाही तो चोर, हे आम्हाला जुन्या हवालदारांनी पहिल्या महिन्यातच शिकवलेलं. पोलीस खात्यात हा धडा कुणी कागदावर लिहीत नाही, पण सगळ्यांना पाठ असतो.

त्याच दिवशी त्याला स्टँडवर उचललं. शिपायानं दंड धरताच तो असा किंचाळला की माणसं गोळा झाली. छातीशी धरलेल्या गाठोड्यात बारा नवे शर्ट निघाले, पावती नाही. खिशात एसटीची जुनी तिकिटं, दोऱ्यात ओवलेली. नाव विचारलं तर खाली बघत पुढं-मागं डुलत राहिला.

"गंठण तूच मारलंस का?"

"व्हय."

"साथीदार हायेत?"

"व्हय."

"माल कुठं ठेवलास?"

"व्हय."

मला वाटलं, बेणं थट्टा करतंय आपली. हवालदाराला पट्टा आणायला सांगितला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितोच. पहिले दोन फटके माझे होते. मग स्टेशन डायरीत 'गुन्हा कबूल' अशी नोंद केली आणि त्याला लॉकअपमध्ये टाकून खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. मी रिमांडचा कागद लिहीत बसलो होतो. हवालदार मजेत त्याला म्हणाला, "रंकाळा बी तूच खणलास का रं?"

"व्हय."

सगळं ठाणं हसलं. माझं लिहिणं मात्र थांबलं. मी उठून जवळ गेलो आणि विचारलं, "काल तू मेलास का?"

"व्हय," तो म्हणाला.

तासाभरात त्याची आई आली. सोबत तिचा भाऊ, शिवाजी पेठेतला शिंपी. दोघं आदल्या दुपारपासून दवाखाने आणि नदीचा घाट पालथा घालत होती. शर्ट त्या मामाच्याच दुकानातले. हा कुरुंदवाडात घरी बसून त्यांची काजं करायचा आणि दर मंगळवारी पोचवायला यायचा. आईनं त्याचा सुजलेला हात पाहिला. रडली नाही.

"सायेब, त्यो जन्माचाच असा हाय," ती म्हणाली. "वरडून इचारलं की व्हय म्हणतोय. व्हय म्हटलं की मानसं गप हुत्यात, एवढंच त्याला ठावं."

"मावशी, मग एकट्याला कशाला पाठवता?"

"माझ्यामागं त्याला मामाकडं यायचं हाय न्हवं? म्हनून शिकवला. दीड वर्स फेऱ्या मारल्या त्याच्यासंगं. पैल्यांदा शेजारी बसून. मग मागच्या शिटावर. मग त्याला न सांगता दुसऱ्या गाडीनं. तवा कुठं एकटा यायला लागलावता."

मी त्याला सोडून दिलं. पंधरा दिवसांत खरी चोर सापडली. चांगल्या घरची दिसणारी बाई. माझ्या डोळ्यांत डोळे घालून इतकं गोड खोटं बोलली की घटकाभर मीच ओशाळलो.

महिन्याभरानं राहवेना म्हणून साध्या कपड्यांत कुरुंदवाडला गेलो. मंगळवारच होता. आई त्याला घेऊन स्टँडवर आलेली. गाडी लागली. तो गाठोडं घेऊन दारापर्यंत नीट गेला. तेवढ्यात कंडक्टर खाली उतरला. अंगावर खाकी. ती खाकी दिसताच हा तिथंच खाली बसला, दोन्ही कान दाबून घेतले आणि "व्हय, व्हय, व्हय" करत राहिला. कंडक्टर बिचारा ओळखीचा, वर्षानुवर्षं त्याला तिकीट देणारा. "आरं, मी हाय की!" म्हणत राहिला. गाडी त्याला न घेताच सुटली.

मी आईपुढं हात जोडले. "पुन्हा शिकवा मावशी. लागेल ती मदत करतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता पुन्हा दीड वर्स काढाय माझ्यात जीव न्हाय, सायेब."

आज अशा माणसांच्या अवस्थेला डॉक्टर स्वमग्नता म्हणतात. तेव्हा आमच्याकडं दोनच शब्द होते, वेडा आणि बेरकी. आम्ही त्याला बेरकी ठरवलं. पुढं हाताखालच्या पोरांना मी सांगत आलो, नजरेवरून माणूस ओळखायला जाऊ नका, आणि जो सगळ्यालाच हो म्हणतो त्याचा जबाब तर मुळीच घेऊ नका. पोरं मान डोलवायची. पण ज्याला हे कळायला हवं होतं, त्या फौजदाराला ते वेळेवर कळलं नव्हतं.

चार वर्षांनी तो मामा बाजारात भेटला. आई गेली होती. भाच्याला कायमचा कोल्हापुरात आणला, म्हणाला.

"आला का गाडीत बसून?" मी विचारलं.

"कुठला येतोय! चौघांनी धरला, हातपाय बांधलं आन् टेंपोत घालून आणला." मग माझा चेहरा पाहून बारीक आवाजात म्हणाला, "मीच बांधलं, सायेब. दुसरं काय करनार हुतो?"