राखेनं घासलेलं भिंग

सन दोन हजार चार. माझं वय अठ्ठावन्न, हातात चहाची केटली, आणि कॉलेजच्या ऑफिसातला बाबू फोन ठेवत म्हणाला, "भैया, वसुधा मैडम नहीं रहीं." त्याच दमात पुढचं, "आज छुट्टी होगी क्या?" केटली त्याच्या तोंडावर ओतावी असं वाटलं, खोटं कशाला सांगू. टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेलो.

वसुधाबाई आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांना जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवायच्या. मी त्याच लॅबचा चपराशी, शिक्षण चौथी. माझा बाप रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीकडून रायपूरला आला. बाईंचं घर तिथल्याच ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, भोसल्यांच्या वेळेपासूनचं. दिवसभर सगळ्यांशी हिंदी, आणि लॅबमध्ये आम्ही दोघंच उरलो की मराठी. आमची ओळख म्हणाल तर एवढीच, पण चोवीस वर्षांची.

मला त्या मायक्रोस्कोपची किळसच होती. तळ्यातलं हिरवं पाणी, झुरळाची तंगडी, गालाच्या आतून काडीनं खरवडलेली थुंकी... हे काचेवर घ्यायचं आणि डोळा लावून बघायचं! शिकलेल्या लोकांना असलेच छंद. माझं काम उचलणं आणि पुसणं. एक हात दांडीला, एक बुडाखाली, तान्हं लेकरू उचलावं तसं. माझ्या हातून एकही कधी पडला नाही. आणि मी आत कधी बघितलंही नाही.

नवे पोट्टे दरवर्षी एकच चूक करायचे. डोळा वर लावून ठेवायचे आणि नळी खाली फिरवत राहायचे. मग कर्र... खालची काच फुटली. बाई ओरडायच्या नाहीत. "नीचे लाते समय बाजू से देखो. ऊपर लाते समय अंदर से." प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच आवाजात. ऐकून ऐकून मला वीट आला, बोलून बोलून त्यांना आला नाही.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. झाडांना चुना, कुंड्यांना गेरू, साहेबांना हार. एक दिवस कळलं, राजधानीचं कॉलेज बघायला मोठे अधिकारी येणार. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "शालिक, सब चमकना चाहिए." चमकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बाईंनी मात्र बजावलं होतं, पितळ पाहिजे तसं घासा, भिंगाला फक्त फुंकर आणि हे कापड. कापड म्हणजे त्यांच्या आईच्या लुगड्याचा, धुऊन धुऊन विरलेला तुकडा. मी म्हटलं, "बाई, मले नका शिकवू. माझ्या हातच्या पितळेत तोंड दिसते." त्या सकाळी सगळ्यात मोठं दाखवणाऱ्या भिंगावरचा एक डाग काही केल्या निघून नाही राहिला. मी बोटावर चिमूटभर राख घेतली. डाग गेला. मला वाटलं, बघा, शेवटी आपलीच रीत खरी.

अधिकाऱ्यानं डोळा लावला आणि उचलला. "ये क्या है? कोहरा?"

विभागप्रमुखांनी भिंग काढून उजेडात धरलं. ओरखडेच ओरखडे. "किसने किया?"

मी दारात उभा होतो, नखात अजून राख. तोंड उघडलं... आणि मिटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, समोर चाळीस पोट्टे. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मुझसे हुआ, सर."

त्यांना लेखी समज मिळाली. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या खणात गेली ती गेलीच. चांगले मायक्रोस्कोप आत, बाहेर फक्त तो एक, माझ्या हातचा. त्याचं लहान भिंग शाबूत होतं, तेवढ्यावर बाई चाळीस जणांना आळीपाळीनं दाखवायच्या. ज्यांची पाळी येत नसे ते पुढच्याच्या वहीतून पेशी उतरवून घ्यायचे. न बघता काढलेल्या चित्रांना पुरे नंबर! शिसारी येते मला. तीन वर्षं चाललं हे, राजधानीच्या कॉलेजात, आणि सुरुवात माझ्या बोटानं झाली.

आणि मी रागावलो कोणावर? बाईंवर. दुसऱ्याच दिवशी त्यांना गाठलं. "काहून घेतलं तुमी अंगावर? मी काय भिकारी आहो?"

त्या टेबल आवरत होत्या. "शालिकभाऊ, तुम्ही बोलले असते तर मी चूप बसली असती."

मग मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. असला माणूस मी.

अबोला त्यांनीच मोडला. एका दुपारी लॅब रिकामी झाल्यावर दात कोरायची काडी पुढे केली. "गाल आतून खरवडा."

"आता थुंकी पाहू काय?"

"इतकी वर्षं दुसऱ्यांचं पुसलं. एकदा आपलं पाहून घ्या."

त्यांनी काचेवर निळ्या औषधाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. मी डोळा लावला. "दिसलं! काळ्या काठाचं, एकदम गोल, साफ." छाती फुगली माझी.

बाई हसल्या. पहिल्यांदाच इतकं हसताना पाहिलं. "तो हवेचा बुडबुडा आहे. सगळ्यांना आधी तोच दिसते. काठ इतका पक्का असला की समजायचं, आत काही नाही."

त्यांनी काच जराशी सरकवली. फिकट निळे, पापडाच्या चुऱ्यासारखे तुकडे, आणि प्रत्येकात एक ठिपका. मी पुष्कळ वेळ बघत राहिलो. "हा मी?"

"हव."

त्यानंतर त्या भिंगाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही. उद्या सांगू, सुट्टीनंतर सांगू, रिटायर होताना सांगू... आणि फोन आला.

चौथ्या दिवशी शोकसभा झाली. फोटोला हार, दोन मिनिटं मौन, त्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला. मग समोसे. ज्यांनी त्यांना किल्ली दिली नाही ते विभागप्रमुख समोसा खात शेजारच्याला म्हणाले, "दिल की बहुत अच्छी थीं. बस, थोड़ी लापरवाह. वो लेंस याद है ना?" दोघं मान हलवून हसले. बाई आणि निष्काळजी! त्यांची किळस आली, त्या समोशाची आली. पण थुंकावं असं वाटलं ते स्वतःवर. माझ्याही हातात समोसा होता, आणि मी तेव्हाही चूप होतो. घरी जाऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी लॅब उघडली. खडू घेतला आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून फळ्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: "लेंस मैडम ने नहीं, शालिकराम ने खराब किया. राख से." खाली सही केली. मग तो मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी ठेवला, लुगड्याच्या तुकड्यानं लहान भिंग पुसलं, खालचा आरसा उजेडाकडे वळवला आणि कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरला. पहिली आली ती बीरगांवची एक पोट्टी. दारातच थांबून तिनं फळा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"भैया, ये सच है?"

"हव," मी म्हटलं. "अब इधर आ. नीचे लाते समय बाजू से देख."