काळी गाडी की लाल

१. आज इथे जर्मनीत दोन जुन्या स्पोर्ट्स कार पाहिल्या. बजेटमध्ये दोन्ही बसतात.
२. काळी ठणठणीत आहे.
३. लाल गाडी दुसऱ्या गिअरला खरखरते. तिचा मालक माझ्याच वयाचा होता, वारला. त्याची आई ती विकते आहे.

दुपारी आईला फोन केला; ती आदिलाबादजवळ मावल्याला राहते.

"मेलेल्या पोराची गाडी काऊन घेऊन राह्यली वं? काळी घे."

"दादा गेल्यावर त्याची अंगणात उभी मोटरसायकल भीमपूरच्या माणसानं घेतलीच ना?"

 आई म्हणाली, "त्यानं नेली, तवा कुठं मी अंगणात निघाली."

लाल घेतली तर गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला पैसे उरणार नाहीत. त्या बाईंना शनिवारी उत्तर द्यायचं आहे. तुम्ही कोणती घेतली असती, ते शुक्रवारपर्यंत कळवा.