नानांनी दंडाला दिलेला पीळ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात वैरण टाकत होतो. दुपारी जेवून ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत, असं त्यांचा मुलगा सांगत होता. खर्ड्यात आमच्या शेजारचे हे चुलते. उभी नोकरी फौजेत, जखमी जवानांना सांभाळण्यात गेलेली. लई तिरसट माणूस. चहा जरा गार झाला तरी घर डोक्यावर घ्यायचे. खरं सांगतो, मला त्यांची मायाही होती आणि भीतीही वाटायची.

लहानपणी माझा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला तेव्हा रक्ताची चिळकांडी पार पत्र्यापर्यंत उडाली. आईनं मूठभर हळद दाबली, तीही वाहून गेली. तेवढ्यात नाना धावत आले. दंडाला उपरणं गुंडाळलं, गाठीत दांडकं अडकवलं आणि बाजेची दोरी पिळावी तसं पिळत गेले. रक्त थांबलं. मग आईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन त्यांनी दंड बांधल्याची वेळ माझ्या कपाळावर लिहिली. डॉक्टरला कळायला पाहिजे, म्हणाले. ते लाल कपाळ बघून आईनं मात्र तोंड फिरवलं.

जामखेडच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये दंड असा ठणकायला लागला की वाटलं, हात तुटलेला परवडला. मी गयावया करू लागलो. आईला बघवेना.

"जरा सैल करा वो भावजी, लेकरू मरतंय."

नाना तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून हळूच म्हणाले, "बलबीर, ह्या बारीला न्हाई सोडत."

जीपमध्ये बलबीर नावाचं कुणीच नव्हतं.

माझी दोन बोटं गेली, पण हात राहिला, जीव राहिला. पुढं कधीतरी नाना आपणहून बोलले... हद्दीवर बलबीर नावाच्या जखमी जवानाच्या मांडीला त्यांनी असंच आवळून बांधलं होतं. तो विनवत राहिला, यांना दया आली, यांनी जरासं सैल केलं. "दयेनं मारला म्या त्याला," एवढंच म्हणाले. तो अजून दिसतो का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

स्मशानात तिरडीच्या गाठी सोडायच्या होत्या. नानांनी वाचवलेला म्हणून वडीलधाऱ्यांनी मलाच पुढं केलं. पहिल्या गाठीला हात लावला आणि माझा दंड आवळला... कुणीतरी जोर लावून पिळत होतं. उरलेली बोटं काळीनिळी पडली. शेजारी उभ्या असलेल्या नानांच्या मुलानं ती पाहिली आणि तो मागं सरला. मी नानांच्या कानाशी वाकलो.

"नाना, माझं रक्त थांबलंय. सोडा आता."

क्षणभर काहीच झालं नाही. मग एकेक वेढा सुटत गेला, बोटांत मुंग्या आल्या, गाठीही सुटल्या. चला, मोकळे झाले, असं कुणीतरी म्हणालं. मला मात्र एकदम पोरकं वाटलं. डाव्या हातानं मी माझा दंड गच्च आवळून धरला, आणि चिता विझत आली तरी सोडला नाही.