सरळ खंदक

आज सकाळी आमच्या सिव्हिल लाइन्सच्या गल्लीत पाइपासाठी यंत्राने चर खणला. डिझेल आणि ओल्या मातीचा वास घरात शिरला, आणि मी मनाने बबीन्याच्या लष्करी छावणीच्या मैदानावर जाऊन पोचले, पुन्हा आठ वर्षांची.

दुसऱ्या महायुद्धातलं खंदक खणायचं एक जुनं यंत्र दुरुस्त करून चालवून दाखवणार होते. फौजींच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. बघता बघता यंत्राने रेघ मारल्यासारखा सरळ खंदक काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. ते त्या युद्धात लढून आले होते.

"भैया, इसमें मोड़ कहाँ है?" त्यांनी चालकाला विचारलं.

"सूबेदार साहब, मशीन तो सीधी ही चलेगी."

बाबा खंदकात उतरले आणि कुदळीने एकटेच त्याला वळण काढू लागले. लोक हसले. मी आईच्या पदराआड लपले. मला त्यांच्या मातीने भरलेल्या बुटांचीसुद्धा लाज वाटली. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "सरळ खंदकात एक गोळा पडला, की या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी उरत नाही. मी पाहिलंय."

आज संध्याकाळी कामगार गेल्यावर मी फाटकाशी उभी राहून चराकडे बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी नव्हतं.