लेकीचं कार्ड, माझा नंबर

आमची मुलगी डॉक्टर व्हायला जॉर्जियाला निघाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कार्डाची. स्वेटर, औषधं, प्रेशर कुकर हे सगळं तिच्या आईने तीन दिवसांत उरकलं. कार्डाचा निर्णय मात्र माझ्याकडे होता आणि माझ्याकडून तो काही केल्या होत नव्हता. मी रनाळ्याच्या शाळेत गणित शिकवतो, राहतो नंदुरबारला. परदेश सोडाच, विमानतळसुद्धा मी तोवर आतून पाहिला नव्हता.

मी एक वही केली. डाव्या पानावर आपल्या बचत खात्याचं साधं डेबिट कार्ड, उजव्या पानावर फॉरेक्स कार्ड. साध्या कार्डावर तिकडे काहीही घेतलं की बँक शेकडा तीन-साडेतीन रुपये वरून कापणार. फॉरेक्स कार्डात आधीच डॉलर भरून ठेवायचे, मग भाव वरखाली झाला तरी आपल्याला फरक पडत नाही. पण जॉर्जियातलं चलन लारी, आणि कार्डात लारी भरायची सोयच नाही. म्हणजे डॉलर भरा, ते तिथे लारीत बदलणार, त्यातही थोडं कापलं जाणार. मुलांना मी वर्षानुवर्षं शेकडेवारी शिकवली, आणि आता ती माझ्याच घरात उभी राहिली तर उत्तर जमेना.

शेवटी शेजारच्या चाचांना विचारलं. त्यांचं बाजारात सुक्या मेव्याचं दुकान आहे, आणि दोन वर्षांपूर्वी ते बायकोला घेऊन मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आले होते. आमच्या ओळखीत परदेशात कार्ड वापरलेला माणूस तेवढाच. त्यांनी माझी वही शांतपणे वाचली, मिटून परत दिली आणि म्हणाले, "सर, दोन्ही कार्ड द्या पोरले. एक पर्समा, एक बॅगमा. दोन्ही एकच जागावर नको. आनि मशीन इचारस, रुपयामा लेऊ का तठला पैसामा? तठलाच सांगानं. रुपया दखाडीसन लूटतस त्या."

मुलगी शेजारीच बसली होती. तिने लगेच मोबाईलवर लिहून घेतलं: दोन कार्डं दोन जागी, पैसे नेहमी तिथल्याच चलनात. मला त्या क्षणी तिचं फार कौतुक वाटलं.

साधं कार्ड तिने इथल्या कॉलेजात असताना उघडलेल्या खात्याचं होतंच. त्या खात्याला तिचाच नंबर. फॉरेक्स कार्डासाठी इथल्या शाखेतले साहेब म्हणाले, "ते काम इथं होत नाही, सुरतला जा." म्हणून एका सोमवारी रजा टाकून आम्ही बापलेक पहाटेच्या एसटीने निघालो. विसरवाडीला गाडी थांबली तेव्हा उजाडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा, टपऱ्यांवर भजी तळायला घेतलेली. आम्ही चहा घेतला. ती म्हणाली, "पप्पा, तिकडे अशी भजी मिळणार नाहीत ना?" मी म्हणालो, "करायला शिक." ती हसली. मला वाटतं, तिला त्या वेळी वेगळं काहीतरी ऐकायचं होतं. मला ते सुचलं नाही.

सुरतच्या शाखेत काचेपलीकडे एक तरुण मुलगी बसली होती. पासपोर्ट, व्हिसा, पॅन कार्ड, कॉलेजचं पत्र सगळं तिने पाहिलं. फॉर्म भरता भरता तिने विचारलं, "मोबाईल नंबर कोणाचा टाकू?"

माझी लेक तोंड उघडणार एवढ्यात मी माझा नंबर सांगितला.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "तुझं इकडचं सिम तिकडे चालेल की नाही, काय भरोसा? मेसेज यायला पाहिजेत वेळेवर." काचेखालून आलेल्या फॉर्मवर तिने सही केली. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं.

सिमचं कारण अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला कळायला हवं होतं. ती कुठे जाते, काय घेते, काय खाते. एकोणीस वर्षांची पोर, सातासमुद्रापलीकडे. मला भीती वाटत होती आणि ती भीती मी त्या फॉर्मवर लिहून दिली.

ती गेली. पहिला मेसेज आला तो तिथल्या विमानतळावरचा, पाण्याच्या बाटलीचा असावा. मी शिक्षकांच्या खोलीत होतो. तो मेसेज मी चार वेळा वाचला. दुकानाचं नाव, शहराचं नाव, रक्कम. पोर पोहोचली! तिचा स्वतःचा फोन त्यानंतर तासाभराने आला.

मग रोजच मेसेज येऊ लागले. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की बायको विचारायची, "आज काय उनं?" मी चष्मा लावून आलेले मेसेज वाचून दाखवायचो. एक बेकरी. एक सुपरमार्केट. एक वह्या-पुस्तकांचं दुकान. बायको धानोऱ्याची, सातवी शिकलेली, पण त्या चार ओळींवरून ती सगळा दिवस उभा करायची. "सकायले बेकरी, म्हणजे भाकर नही बनाडी. दुपारले काहीच नही, म्हणजे उपाशी." मी म्हणायचो, "अगं, मेसमध्ये जेवली असेल." ती म्हणायची, "पोर जेवनी का नही, ते तरी समजस." त्या मेसेजांनी आमचं घर भरलेलं राहायचं, हे मी नाकारत नाही.

गडबड झाली ती औषधाच्या दुकानामुळे. एका दिवशी सकाळी एक आणि दुपारी एक, असे फार्मसीचे दोन मेसेज आले. मी तास संपल्यासंपल्या फोन लावला. "ताप आला का तुला?"

"सर्दी आहे नुसती. तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अरे हो, तुमचा नंबर आहे ना." पण ते हसणं मला नीट वाटलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबलो. पंधरा दिवसांनी एका दुकानाच्या नावात 'बार' हा शब्द दिसला आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर तो शब्द मनात घेऊन मी सातवीला क्षेत्रफळ शिकवलं. संध्याकाळी फोनवर इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच, "काल कुठे गेली होतीस?"

"मैत्रिणीचा वाढदिवस होता. कॉफी प्यायला."

"त्या नावात बार आहे."

"कॉफीबार आहे तो, पप्पा," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट. "फोटो पाठवू का?"

मी नको म्हणालो. तिने तरीही पाठवला. एक टेबल, चार कप, मधे अर्धवट कापलेला केक. चार मुली. आमची पोर कडेला, तोंड हसरं. तो फोटो उघडायला मला शरम वाटली.

त्यानंतर मेसेज थांबले. म्हणजे आठवड्यातून एकच यायचा, एटीएममधून काढलेल्या रोख रकमेचा. बेकरी नाही, पुस्तकं नाहीत, सर्दी नाही. तिने भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. फक्त कार्ड वापरणं सोडलं. फोन यायचा, पण "बरी आहे, जेवले, अभ्यास चालू आहे" एवढंच.

बायकोला मी सगळं सांगितलं, कॉफीबारसुद्धा. ती भाजी निवडत होती. हातातली गड्डी खाली ठेवून म्हणाली, "आपली पोर तठे शिकाले गयी शे. तुम्ही तिन्हा मांगे पोलीस लाई दिना."

चाचांच्या दुकानात जाऊन त्यांच्याशीही बोललो. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले की उमऱ्याच्या वेळी त्यांच्या कार्डाचे मेसेज मुलाकडे जायचे. एक दिवस त्याने फोन करून विचारलं, अब्बा, इतकी अत्तरं कोणासाठी? "सर, मन्हा पोऱ्या वाईट नही. फिकीरमाच इचारं त्यानी. पण मी दुसरा दिनले कार्ड हाटेलमा ठेवी दिनं." मग त्यांनी माझ्यासमोर मूठभर मनुका ठेवल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.

तरीही मी नंबर बदलला नाही. त्यासाठी पुन्हा सुरतला जायला लागेल, रजा शिल्लक नाही, परीक्षा जवळ आलीय, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो.

जानेवारीतला एक मंगळवार. शाळेत मोबाईल टेबलाच्या खणात ठेवायचा, आवाज बंद, हा माझाच नियम. सलग दोन तास होते. मधल्या सुट्टीत खण उघडला तर तिचे नऊ मिस्ड कॉल. त्याखाली मेसेज. एक खरेदी, दुसरी खरेदी, तिसरी. कधी न ऐकलेली दुकानं, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. आणि त्यांच्या अधेमधे ओटीपीचे आकडे, पुन्हा पुन्हा आलेले, पुन्हा पुन्हा मुदत संपलेले.

मी फोन लावला. तिला बोलता येत नव्हतं, इतकी रडत होती. मिनीबसमध्ये कुणीतरी बॅगेची चेन उघडून पर्स काढली होती. आठवड्याची रोकड त्यातच, कार्डही त्यातच. कार्ड नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, पिन लागत नाही. ते बंद करायला तिने ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. हेल्पलाइनला फोन केला, तिथेही तेच. नोंदवलेला नंबर रनाळ्याच्या शाळेत, टेबलाच्या खणात होता.

"मी सांगत होते त्यांना," ती हुंदके देत म्हणाली, "कार्ड माझं आहे, नाव माझं आहे. ते म्हणाले, ज्यांचा नंबर आहे त्यांच्याशी बोला."

"परत मागव ओटीपी," मी म्हणालो. आकडा आला. मी वाचून दाखवला. सहा आकडे वाचताना, गणिताच्या मास्तराचा आवाज, दोनदा अडखळला. कार्ड बंद झालं.

मग मी विचारलं, "दुसरं कार्ड आहे ना?"

"मोठ्या बॅगेत आहे, रूमवर."

"जेवलीस का?"

"नाही."

"आधी ते कार्ड घे आणि जेव. जास्त कापलं जाईल याचा विचार करू नकोस. आणि ऐक..." व्हरांड्यात पोरं डबे खात होती, एक-दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे तोंड केलं. "चूक माझी झाली. त्या दिवशी काचेसमोर तू बोलणार होतीस. मी बोलू दिलं नाही."

ती नाक ओढत म्हणाली, "मला पण तुम्हाला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. मी नुसतं कार्ड वापरणं बंद केलं."

जे गेलं त्यातलं थोडं बँकेने तक्रारीनंतर परत दिलं, थोडं गेलंच. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. नऊ मिस्ड कॉल मात्र अजून आठवतात. परक्या शहरात, बर्फाळ रस्त्यावर उभी राहून ती नऊ वेळा मला हाक मारत होती.

पुढच्याच शनिवारी सुरतला गेलो. नवं फॉरेक्स कार्ड घ्यायचं की नाही, हे या वेळी मी ठरवलं नाही. तिलाच विचारलं. तिने तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून ठेवलं होतं. म्हणाली, रोजच्या खर्चाला आता इथल्याच बँकेत माझं खातं उघडते, इथलं कार्ड, लारीत. तुम्ही फीबरोबर त्याच खात्यात पाठवत जा. फॉरेक्स कार्ड अडीअडचणीला राहू द्या, पण नंबर माझा टाका. इतका सरळ मार्ग माझ्या दोन्ही पानांवर कुठेच नव्हता. काचेपलीकडे तीच तरुण मुलगी होती. मी लेकीने सही करून मेलवर पाठवलेलं पत्र आणि लेकीचा नंबर तिच्यापुढे सरकवला. काम दहा मिनिटांत झालं.

पहिला आठवडा फार जड गेला. खिशात फोन वाजला की हात जायचा. एक दिवस विजेच्या बिलाचा मेसेज मी आशेने उघडला. बायको संध्याकाळी दारात उभी राहायची, विचारायला ओठ हलायचे आणि ती पाणी आणायला आत वळायची.

दुसऱ्या रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कुठल्याशा मंडईत उभी होती, थंडीने नाक लाल. म्हणाली, "आई, तुला काहीतरी दाखवते." आणि मोबाईल फिरवला. एका म्हातारीच्या गाळ्यात दोऱ्यात ओवलेल्या सुक्या लाल मिरच्यांच्या माळा लटकत होत्या, छतापासून कमरेपर्यंत. "आपल्या मिरचीच्या पथारींची आठवण झाली मला," ती म्हणाली. आमच्याकडे हिवाळ्यात गावाबाहेर मैलभर मिरची वाळत पडलेली असते, लहानपणी ती तिथून जाताना शिंकून शिंकून बेजार व्हायची. मग ती त्या म्हातारीबद्दल सांगू लागली. तिला ही रोज नमस्ते शिकवते, ती हिला त्यांचा शब्द शिकवते. रूममधल्या मुलींना आज शेंगदाण्याची चटणी करून घालणार आहे. शरीरशास्त्राच्या तोंडी परीक्षेत काय फजिती झाली. एक ना दोन, पाऊण तास.

मी बायकोच्या खांद्यामागे उभा होतो. मला विचारायचं पुष्कळ होतं. मी विचारलं, "थंडी किती आहे?"

बायकोने मोबाईल जवळ ओढला. "ती मिरची तिखट शे का?"

"नाही गं आई," ती हसत म्हणाली, "नुसती दिसायला लाल."