हँडलाची थरथर

गाडी भावाची होती. त्याने नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली. माझे मालक सैन्यात, त्यामुळे कुंडलच्या मळ्यात मी, सासूबाई आणि माझी लहान मुलगी. गावात डेअरीला दूध घालायचं, मुलीला शाळेत सोडायचं, गाडीशिवाय जमत नव्हतं. चालवायला भावानेच शिकवलं होतं, लग्नाआधी, कराडकडच्या आमच्या शिवारात. बाईने मोटारसायकल चालवली की लोक बघतात, म्हणून मी तोंडाला ओढणी बांधून, कुणाकडे न बघता जायची. मुलगी पुढे टाकीवर बसायची.

थरथर पहिल्यापासून होती. हळू गेलं तर काही नाही. जरा वेग घेतला की हँडल थरथरायला लागायचं आणि ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढायची. घरी येईपर्यंत बोटं बधिर. भाकरीच्या कडा फाटायच्या.

"हात गाडीवरच ठिवून आलीस काय गं?" सासूबाई म्हणायच्या.

"पीठ जुनं झालंय," मी म्हणायची.

माहेरहून आलेल्या वस्तूला सासरी नाव ठेवू द्यायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. साडी विटली तर धुण्यात आपली चूक झाली म्हणायचं. गाडीचंही मी तसंच केलं. मालकांनाही फोनवर काही बोलले नाही.

आधी मला वाटलं, दुधाची किटली एका बाजूला लटकते म्हणून होत असेल. दोन्हीकडे सारखा भार केला. मग चाकांत हवा भरून बघितली. काही फरक नाही. एकदा मुलीला शाळेत सोडून येताना ओढ्याच्या उतारावर इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि गाडी नुसती जाऊ दिली. तरी हँडल थरथरलं. म्हणजे दोष इंजिनात नव्हता.

शेवटी पलूसला मिस्त्रीकडे नेली. मला धड सांगता येईना.

"ताई, लाजताय कशाला? गाडीला झालंय, तुमाला न्हाई," तो म्हणाला.

त्याने हँडलाखालच्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या, चाकाचे आरे आवळले आणि स्वतः एक फेरी मारून आला. आल्यावर हसला नाही. पेट्रोलची टाकीच उतरवली.

"ही कवा आपटलीवती काय?"

"न्हाई. माझ्या भावाची हाय," मी म्हणाले. तेवढं मात्र ठसक्यात म्हणाले.

त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. हँडल जिथे सांगाड्याला मिळतं, तिथली नळी एकदा तुटली होती. जाड वेल्डिंग मारून वरून काळा रंग दिला होता, आणि त्या जोडाला आता केसाएवढी चीर गेली होती.

"आणि थोडं दिस चालवली असती तर हँडल हातात आलं असतं. आता चालवू नगा."

तिथूनच भावाला फोन लावला.

"व्हय, आपटलीवती एकदा," तो म्हणाला. "पण जोड पक्का हाय गं. वेल्डिंगवाला म्हणलावता, जोरात न्हाई पळवली तर काय होत न्हाई."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू कुठं जोरात पळवतीस? डेअरीपतूर तर जायचं."

मागून वहिनीचा आवाज आला, "फुकटात दिली तरी खोडच काढायची."

त्याने तिला गप्प केलं नाही. पोरगी पुढे बसते, हे त्याला ठाऊक होतं. दिवाळीला त्यानेच तिला उचलून टाकीवर ठेवलं होतं आणि फोटो काढला होता. मी फोन ठेवला.

एसटीने घरी आले. सासूबाईंनी गाडीचं विचारलं. मला नेहमीसारखं काहीतरी जुळवता आलं असतं. तोंडातून निघालं, "भावानं मोडकी गाडी दिली मला. त्याला ठावं होतं."

टोमणा येणार म्हणून मी खाली बघत उभी राहिले.

"आगं, पोरगी पुढं बसत हुती की," एवढंच म्हणाल्या आणि मुलीला जवळ ओढून घेतलं.

फोनवर मी भावाच्या तोंडून हेच ऐकायला थांबले होते.

नंतर एकदा त्याचा फोन आला. मी उचलला. पाऊस कसा आहे, ऊस कधी तुटणार, सगळं त्याने विचारलं. "भाची काय करती?" असंही विचारलं.

"शाळेला चालत जाती," मी म्हणाले.

"बरं हाय की," तो म्हणाला.